दहात एक अस्वल

"शेवट तर फारच आवडला मला," ग्लेनिस म्हणाली, आणि डॅझच्या हातातली कोळंबी अर्धवट सोललेली तशीच राहिली. कारण त्या पुस्तकाला शेवट नव्हता. सुरुवातही नव्हती. मुळात ते पुस्तकच नव्हतं. परवा शुक्रवारी, बोटीच्या दोन खेपांमधल्या दहा मिनिटांत, डब्यातलं सँडविच चावता चावता त्यानं ते पैदा केलं होतं. हंगेरीतला एक रिटायर्ड जज्ज कबुतरं पाळतो आणि एका खुनाच्या खटल्यात शेवटी कबुतराचीच साक्ष काढतो. नाव, 'कबुतरांची कचेरी'. इतकं उघडंनागडं खोटं, की वर्षभरात मासळीच्या भावाच्या पाटीपलीकडे काही न वाचणाऱ्या कॉनलाही ते पकडता यावं. ग्लेनिसला तर झोपेत पकडता आलं असतं. ती थापा ऐकायला बसली की डॅझ आपोआप खिसे चाचपायचा, पाकीट आहे ना म्हणून. आणि तीच म्हणत होती, शेवट आवडला. उन्हानं डोळे बारीक करून, मांडीवरच्या टॉवेलावर कोळंबीची टरफलं एकाखाली एक नीट रचत.

"आता बोला!" कॉन ओरडला. "बाई अस्वलालाच मिठी मारून बसल्या की!"

सगळे हसले. डॅझही हसला, हसण्यात तो कधी मागे राहिलेला नाही. ग्लेनिसही हसली, पण सगळ्यांच्या मागून, अर्ध्या क्षणानं, लग्नघरात विनोद कुठला ते न कळता हसणाऱ्या लांबच्या पाहुण्यासारखी. तो अर्धा क्षण डॅझला लागला.

नाताळच्या आधीचा रविवार म्हणजे यादीचा रविवार. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या किनाऱ्याला खडकात बांधलेल्या खाऱ्या पाण्याच्या तलावात हे चौघं बारा महिने पोहत, थंडीत तर जास्तच तोऱ्यात. आणि वर्षअखेरीला तलावाच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रं पसरून, कॉनच्या दुकानातली चार किलो उकडलेली कोळंबी त्यावर ओतून, प्रत्येक जण आपली यादी वाचून दाखवी. वर्षभरात आवडलेली दहा. पुस्तकं, सिनेमे, जे असेल ते. मात्र त्या दहांत एक खोटं पाहिजे, स्वतः रचलेलं. त्याला ही मंडळी अस्वल म्हणत, कारण झाडावरून डोक्यात पडणाऱ्या अस्वलाची थाप मारून परदेशी पाहुण्यांची झोप उडवणं हा इथल्या शेंबड्या पोरापासून खासदारापर्यंत सगळ्यांचा आवडता उद्योग. ऐकणाऱ्यांनी अस्वल ओळखायचं. जो ओळखेल त्याची कोळंबी थापाड्यानं सोलून द्यायची. सव्वीस वर्षं चाललेला खेळ, आणि सव्वीस वर्षं डॅझ आपल्या थोरल्या बहिणीची, ग्लेनिसची, कोळंबी सोलत आलेला. बाकीच्यांना तो फसवी, तिला कधीच नाही. यंदा त्याचं अस्वल फेनं पकडलं. "कबुतराची साक्ष?" फे म्हणाली. ही फे पूर्वी लायब्ररीत होती, अजूनही आठवड्यातून दोन सकाळी फुकट जाते आणि पगार मिळत असल्यासारखी भांडते. "डॅझ, म्हातारा झालास रे. दात पडलेलं अस्वल आणलंस." तो फेची कोळंबी सोलत बसला. शेजारी ग्लेनिस स्वतःची स्वतः सोलत होती. डोकं मोडायचं, पाठ उकलायची, काळा धागा ओढून काढायचा. हात बरोब्बर चालले होते. हातांना सगळं ठाऊक होतं. क्षितिजावर कोळशाची जहाजं रांगेत उभी होती, आत घ्यायची वाट बघत, आणि डॅझ ती उगाच मोजत होता. अकरा. मग परत. बारा.

घरी जाताना गाडीत त्यानं स्वतःला समजावलं की तिनं आपल्याला शेंडी लावली. दुसरं काय असणार? थापेला थाप. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात डॅझनं मुख्याध्यापकांच्या खुर्चीला डिंक लावण्यापासून ते मेव्हण्याच्या लग्नात चुकीच्या नवऱ्याला शुभेच्छा देण्यापर्यंत जे जे केलं, त्याचं मूळ ग्लेनिसमध्ये होतं. वडील पोलादाच्या कारखान्यात, आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात, आणि बारा वर्षांनी मोठी बहीण म्हणजे घरातलं सरकार. शनिवारी एकाच्याच तिकिटापुरते पैसे असत. ग्लेनिस सिनेमाला जाई आणि परत येऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला बसवून, अख्खा सिनेमा सांगे. नुसता सांगे नाही, करून दाखवी. घोडा व्हायची, घोड्यावरचा व्हायची, धूळसुद्धा व्हायची. सहा वर्षांच्या डॅझनं असे चाळीसेक सिनेमे टेबलावर बसून पाहिले. आणि पंधरा वर्षांनी, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, वाइनच्या तिसऱ्या ग्लासाला ती बोलून गेली की त्यातला एकही तिनं पाहिला नव्हता. ती बंदराच्या धक्क्यावर एका क्रेनवाल्या पोराबरोबर बसायची, तिकिटाच्या पैशाचे दोघं बटाट्याचे काप खायची, आणि परतीच्या वाटेवर, ट्रामच्या जुन्या रुळांवरून चालत, सिनेमा बनवायची. "तुला पाहिजे होता तसा शेवट करायचे मी," ती म्हणाली होती, "तू रडायला लागलास की मेलेला माणूस उठवायचे." डॅझला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. उलट असं वाटलं, की जगातले सगळे सिनेमे बघितलेल्या लोकांपेक्षा आपण श्रीमंत आहोत. तर अशी बाई. ती कबुतराला भुलणार? हट्. तिनं त्यालाच खेळवलं. त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली आणि मोठ्यानं हसून पाहिलं. गाडीत एकट्यानं हसलेलं हसू कसं येतं ते त्याला माहीत नव्हतं. ते काचेवर आपटून परत आलं.

सोमवारी बोटीवर काही जमेना. स्टॉक्टनची बोट म्हणजे बंदर ओलांडायला पाच मिनिटं; जा, दोर टाक, फळी टाक, माणसं उतरव, माणसं चढव, दोर सोड, ये. दिवसातून कित्येकदा. नवखा पाहुणा दिसला की डॅझ गंभीर चेहऱ्यानं सांगे, "पलीकडे पासपोर्ट लागतो हं, काढून ठेवा," आणि लोक खरंच पिशव्या चाचपत. त्या दिवशी एक जपानी जोडपं चढलं, हातात नकाशा, डोक्यावर सारख्या टोप्या. देवानंच ताटात वाढून पाठवलेलं. आणि डॅझच्या तोंडून शब्द निघेना. त्याच्या डोक्यात ग्लेनिसची यादी चालली होती. काल तिनं त्याच्या आधी वाचली होती, घोटीव आवाजात, एकही ठेच न लागता. पाचवं होतं सर्कशीतल्या सिंहांचे दात काढणाऱ्या दंतवैद्याचं आत्मचरित्र. ते कॉननं टिपलं. "सिंहाचे दात! बाई, निदान माकडाचे तरी म्हणायचं!" आणि झालं. एक अस्वल सापडलं की शिकार संपली. नियमच तो. उरलेली नऊ मग कोणी चाचपत नाही, ती खरीच. आणि तिसऱ्या नंबरला, आता त्याला आठवलं, तिसऱ्या नंबरला एक सिनेमा होता: वाळवंटात दोन बहिणींचा पेट्रोल पंप, दोघी वीस वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत, आणि शेवटी धाकटी घर सोडून निघते तेव्हा थोरली न बोलता तिच्या गाडीची टाकी भरून देते. डॅझ तिथं सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पाहिलाय मी! त्या टाकीच्या सीनला रडलो राव." ग्लेनिसनं तेव्हा त्याच्याकडे पाहिलं होतं. कसं पाहिलं होतं? तेच आता नीट आठवेना. सिनेमा मात्र नीट आठवत होता. पंपाचं उडालेलं लाल रंगकाम, थोरलीच्या पायातली पुरुषी चप्पल, टाकीचं झाकण खिशात घालून ती विसरते आणि मग धावते ते. धावते? की हे त्यानं आता घातलं? कुठे पाहिला आपण हा? घरी? कोणाबरोबर? खुर्चीचा रंग? काहीच नाही. चित्र होतं, पण त्याला मागं भिंत नव्हती.

"अहो, दोर!" कप्तान वरून ओरडला. डॅझनं दोर टाकला तो खुंटाला न अडकता पाण्यात. बावीस वर्षांत पहिल्यांदा. जपानी जोडप्यानं त्याचाही फोटो काढला.

दुपारच्या सुट्टीत त्यानं फेला फोन लावला. "तो पेट्रोल पंपवाला सिनेमा, ग्लेनच्या यादीतला. परत बघायचाय. काढून ठेवशील?"

"मीसुद्धा सकाळपासून तोच शोधतेय," फे म्हणाली. "मिळत नाहीये. तू पाहिलायस ना? दिग्दर्शक कोण?"

"आता ते कोण लक्षात ठेवतं?"

"बरं, नट्या?"

"फे, तू लायब्ररीत आहेस की पोलिसात?"

"अरे बाबा, नावच चुकीचं ऐकलं असेल आपण. तिला विचारून सांग." आणि मग जरा थांबून, "तिचं सातवंही सापडत नाही. ते टास्मानियातल्या पोस्टमनच्या विधवेचं. आणि नववं पण नाही."

डॅझनं फोन ठेवला आणि धक्क्यावरच्या बाकावर बसून, दोन्ही अंगठ्यांनी, ग्लेनिसची यादी आठवेल तशी फोनमध्ये टाकत गेला. पहिलं नाही. दुसरं नाही. चौथं नाही, तिथं भलतंच कुठलं तरी स्वयंपाकाचं पुस्तक समोर आलं. सहावं नाही. एक समुद्रपक्षी फळीच्या टोकावर बसून त्याच्या सँडविचकडे बघत होता. आठवं नाही. दहावं नाही. मग त्याच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं, आणि ते हसू आहे हे कळायलाही क्षण लागला. दहाच्या दहा! म्हातारीनं दहाच्या दहा अस्वलं आणून बसवली होती पायऱ्यांवर, त्यातलं एक मुद्दाम लंगडं, सहज सापडावं असं, आणि ते सापडल्यावर बाकीची नऊ आरामात कोळंबी खात बसली होती! सव्वीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. त्याला सुचलं नव्हतं! आणि वर त्याच्या कबुतराला, शेवट आवडला म्हणे. म्हणजे तेही त्यातलंच. तो बाकावर बसून डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं. पाहू देत. छातीवरचा धोंडा उतरला होता. दुपारच्या सगळ्या खेपांना त्यानं पासपोर्ट मागितले, एका बाईनं तर रडकुंडीला येऊन वाहनपरवाना दाखवला. फक्त संध्याकाळी, शेवटची फळी ओढून घेताना, त्याच्या मनात एक बारीक किडा वळवळला. इतकी मोठी मजा केल्यावर माणूस ती सांगतो. फोन करतो. निदान दुसऱ्या दिवशी तरी. थाप पचली हे दुसऱ्याला कळल्याशिवाय थापाड्याला घास गोड लागत नाही. हे डॅझपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? ग्लेनिसचा फोन आला नव्हता.

मंगळवारी त्याची सुट्टी होती. सकाळी दहालाच तो मेफील्डला तिच्या घरी गेला, हातात क्रीम भरलेल्या बिस्किटांचा पुडा, तोंडात तयार वाक्य. घर नेहमीचंच, पुढे बॉटलब्रशच्या झाडाखाली लाल केसरांचा सडा, दारावर जाळी. जाळीतून आत ती टेबलाशी बसलेली दिसली. तो दिसताच तिनं चेहरा उचलला, आणि चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग ओळख उमटली. पुन्हा तोच अर्धा क्षण. डॅझनं तो पायाखाली चिरडला आणि दारातच टोपी काढून, कमरेत वाकून मुजरा केला.

"दहाच्या दहा!" तो म्हणाला. "आमचा सलाम घ्या, बाईसाहेब! दहाच्या दहा अस्वलं! मला पेट्रोल पंपावर रडवलंस, लाज नाही वाटली?"

ग्लेनिस हसली. मस्त हसली, जुनी, खांदे हलवत. "तू स्वतःहून रडलास, गाढवा. मी कुठं सांगितलं होतं रड म्हणून? वर म्हणे पाहिलाय. मला तर तिथंच वाटलं आता फुटणार मी."

"मला चप्पलसुद्धा आठवतेय थोरलीची!"

"चप्पल? चप्पल नव्हती रे माझ्यात."

"मी घातली."

"बरी केलीस. वाळवंटात पाय भाजले असते तिचे."

दोघं हसत राहिले. डॅझनं किटली लावली, कप काढले, बिस्किटं बशीत मांडली, आणि सगळं इतकं जागच्या जागी होतं की शीळ घालावीशी वाटली. त्यानं घातली. "फेला नको सांगू या," तो म्हणाला, "ती बिचारी अजून शोधतेय. शोधू दे जानेवारीपर्यंत. कॉनला मात्र मी सांगणार, आणि चौघांची कोळंबी तुझ्यासमोर–"

"मजा म्हणून नाही केलं रे, डॅझ," ग्लेनिस म्हणाली.

किटली उकळायला लागली होती. मग ती बंद झाली आणि घर एकदम मोठं झालं.

"शनिवारी यादी करायला बसले," ती सांगू लागली, बिस्किटाचे दोन भाग करून आतलं क्रीम बघत, जणू तिथं लिहिलेलं आहे. "वही घेतली, नंबर घातले. एक ते दहा. आणि काही येईना. मी म्हटलं, चहा घेऊ. चहा घेतला. काही येईना. वाचतेय तर मी रोज. ही बघ ना, लायब्ररीची पुस्तकं पडलीत. कोपरे मुडपलेत, म्हणजे वाचलीत. उघडली की वाटतं, अरे छान आहे, कोणाचं आहे हे. काल वाचलेलं पण असंच. अख्खं वर्ष, डॅझ. कपाट उघडावं आणि मागची फळीच नसावी, नुसतं पलीकडचं अंगण दिसावं, तसं. मग रचली. दुपारभर बसून. रचायला काही झालं नाहीये मला, रचता येतं अजून. उलट बरं वाटलं. आणि एक सिंहाचं ठेवलं, तुम्हाला सापडायला."

"आणि माझं कबुतर?"

"त्याचं मला खरंच वाटलं, की तू दिलं होतंस वाचायला. सगळे हसले तेव्हा कळलं." तिनं क्रीम न खाता बिस्किट परत मिटवलं. "तू माझ्याकडे बघत होतास. मला वाटलं, याला कळलं."

डॅझच्या तोंडाला हजार विनोद आले. हे त्याचं असंच होतं. बापाच्या अंत्ययात्रेत, शवपेटी उचलताना, त्याला इतका चांगला विनोद सुचला होता की तो चाळीस वर्षं झाली तरी त्यानं कुणाला सांगितला नव्हता. आताही ते आले, रांगेनं, दारावर धडका देत. त्यानं दार धरून ठेवलं. पायांना मात्र बसवेना. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, नळ घट्ट केला, परत आला, पुडक्याचा कागद घडी घालून लहान लहान करत गेला. डॉक्टरांना दाखवलं का, असं विचारायला हवं होतं. तिनंच सांगितलं, दाखवलंय, जानेवारीत फोटो काढायचेत डोक्याचे, पर्थच्या माझ्या पोरीला इतक्यात बोलू नकोस, ती पहिल्या विमानानं येईल आणि माझं सामान बांधेल. कोण बोलतंय, तो म्हणाला. सामान बांधायचं झालं तर आधी तुझी पुस्तकं बांधायला बोट लागेल. हा एवढाच सुटला.

"एक काम करशील?" ग्लेनिसनं वही पुढं ओढली. नवीन पान, एक ते दहा आकडे आधीच घातलेले, शेजारी टोक केलेली पेन्सिल. म्हणजे तिनं वाट पाहिली होती. "तू होतास की वर्षभर माझ्याबरोबर. आपण पुस्तकं बदलतो, सिनेमाला जातो. तू सांग मी काय वाचलं. काय आवडलं मला. मी लिहिते. मला माझी यादी पाहिजे. खरी." आणि पेन्सिल त्याच्यावर रोखून, "अस्वल नको हं, डॅझ. आज नको. मला पकडता यायचं नाही."

त्याला दरदरून घाम फुटला. उकाडाही होता, पण तो हा नव्हे. आयुष्यभर त्याला असंच कोणी तरी हवं होतं, जो सांगेल ते मुकाट्यानं मानेल, ज्याच्या डोक्यात हवं ते वर्ष भरता येईल. आणि आता मिळालं तर ही. त्यानं खुर्ची पुढं घेतली आणि सांगायला लागला, एकेक शब्द तपासून, जन्मात कधी बोलला नव्हता तसा, कोर्टात उभं केल्यासारखा. फेब्रुवारीत त्या स्कॉटिश बाईचं मधमाश्यांवरचं पुस्तक, तू दोन दिवसांत संपवलंस आणि मग मला रोज एक पान फोनवर वाचून दाखवलंस. मार्चमध्ये खाणकामगारांचा माहितीपट. तू म्हणालीस बाबांसारखा खोकतो तो माणूस. ग्लेनिस लिहीत होती, मान तिरकी करून, शाळेतल्या अक्षरात. "मला आवडलं होतं?" ती प्रत्येकाला विचारी. "आवडलं होतं," तो सांगे, आणि जुलैतल्या त्या जाडजूड बक्षीसपात्र कादंबरीला, "नाही. तू ती खिडकीला टेकण लावलीस." "मग यादीत कशाला?" "बरोबर, काढ." तिनं काढली. त्याच्या जिवाला जरा जरा बरं वाटायला लागलं होतं. वर्ष परत येत होतं, पानावर, पेन्सिलीनं. पण मध्येच तो अडखळे. हे मे महिन्यात, की मागच्या मेमध्ये? ते पुस्तक तिनं दिलं, की आपण? तेव्हा तो कान कोरे, आणि सरळ म्हणे, नक्की नाही, सोड. खरं बोलणं इतकं दमवणारं असतं याची त्याला कल्पना नव्हती. लोक रोज कसे करतात?

नऊ झाली. दहावं त्यानं मुद्दाम मागं ठेवलं होतं. सांगायची घाई होत होती आणि सांगून संपेल म्हणून नकोही वाटत होतं.

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला, "चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, त्या बुधवारच्या सिनेमामंडळात. पाऊस आणि वारा असा, की आपण दोघंच. तिसरा फक्त मशीन चालवणारा म्हातारा, आणि चहावाली. एका दीपगृहावरच्या माणसाचा सिनेमा होता. त्याची बायको बोटीनं परत येत असते, आणि तो दिवा लावायला वर जात असतो, जिना संपत नाही. आणि तेवढ्यात मशीन बंद पडलं. शेवटची दहा मिनिटं गेली. म्हाताऱ्यानं खूप खटपट केली, मग माफी मागितली. मी कोट घातला. आणि तू उठलीस, ग्लेन. पुढं गेलीस, पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहिलीस, आणि म्हणालीस, बसा सगळे. आणि उरलेला सिनेमा तू केलास. जिना चढलीस. वारा झालीस. बायको झालीस, बोट झालीस. तो म्हातारा मशीन सोडून पहिल्या रांगेत येऊन बसला. चहावाली किटली हातात धरून उभी. मला–" इथं त्याचा आवाज भलतीकडेच गेला, त्यानं तो ओढून आणला. "मला सहा वर्षांचा असल्यासारखं वाटलं. शेवटी ती किनाऱ्याला लागते, पण दिवा बघून नाही. त्याच्या शिव्या ऐकून. तो जिन्यावर शिव्या देत असतो ना, त्या ऐकून. ते लोक टाळ्या वाजवत होते, ग्लेन. मी खरा शेवट नंतर शोधलासुद्धा नाही. या वर्षात मी पाहिलेलं ते सगळ्यात चांगलं. दहावं ते."

ग्लेनिस लिहीत नव्हती. पेन्सिल हवेत धरून ती त्याच्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, आणि त्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजळत होतं. त्यानं ते ओळखलं. सव्वीस वर्षं ओळखत होता. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"मी?" ती म्हणाली. "ह्या गुडघ्यांनी? चर्चच्या हॉलात? जिना चढले?"

"ग्लेन, मी शपथ घेऊन–"

"आणि चहावाली किटली धरून उभी! ती किटलीच जास्त झाली रे, तिथंच पकडला तुला!" तिनं टेबलावर पंजा मारला, कप हिंदकळले. चेहरा असा फुलला होता, की रविवारपासून डॅझ ज्याची वाट बघत होता तो चेहरा हाच होता, त्यातलं कुणीही कुठंही गेलेलं नव्हतं. "नको म्हटलं तरी घातलंसच! दहात एक असतंच, नाही का? मला वाटलंच होतं, नऊपर्यंत हा इतका साधा का वागतोय! बोल, पकडलं की नाही? बोल!"

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र सुरू झालं. डॅझनं तोंड उघडलं. म्हाताऱ्याचा पत्ता त्याला ठाऊक होता, चहावालीचं नाव ठाऊक होतं, तिकिटाचा तुकडासुद्धा हिवाळी कोटाच्या खिशात असेल. पाच मिनिटांत सिद्ध करता आलं असतं.

"पकडलंस," तो म्हणाला.

तिनं दहा आकड्यावर आडवी रेघ मारली, कागद फाटेल इतकी जोरात, आणि वर आणखी एक. मग पेन्सिल जिभेला लावून, रेघेखाली पुन्हा दहा लिहिलं, आणि मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं.

"हं," ग्लेनिस म्हणाली. "आता खरं सांग."